कबुलीजबाब बघताना

फुकटात बघता येईल अशी ट्रू क्राइम डॉक्युमेंटरी सुचव, असं मला कुणी ना कुणी विचारत असतं. हल्ली मी एकच नाव सांगते: ‘द कन्फेशन्स’. अमेरिकेतल्या पीबीएसच्या ‘फ्रंटलाइन’ने ती २०१० मध्ये दाखवली; दिग्दर्शन ओफ्रा बिकेल यांचं. फ्रंटलाइनवाले आपल्या बऱ्याच फिल्म ऑनलाइन फुकट ठेवतात.

त्याआधी मी यूट्यूबवर पोलीस चौकशीचे व्हिडिओ रात्र-रात्र बघायचे. ‘जेसीएस’सारखे चॅनल: खरं फूटेज आणि वर शांत आवाजातलं विश्लेषण. बघा, पाय आखडला. बघा, उत्तराला उशीर केला. पकड घेतात, नाकारत नाही. चार-पाच बघितले की खोटारडा आपल्यालाही ओळखता येतो असं वाटायला लागतं. पण तिथे निकाल बहुतेकदा आधीच ठाऊक असतो. गुन्हेगार ठरलेला माणूस नुसतं पाणी प्यायला तरी अपराधीच दिसतो.

‘द कन्फेशन्स’ ही नॉरफोक, व्हर्जिनिया इथली १९९७ची केस. एका तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून. नौदलातल्या चौघांनी एकामागून एक कबुली दिली. डीएनए एकाचाही जुळेना. तरी पोलिसांनी कबुली सोडली नाही, आरोपी वाढवले. शेवटी ज्याचा डीएनए जुळला, त्याने आपण एकटेच होतो असं सांगितलं. तरीही चौघांची शिक्षा टळली नाही. संपूर्ण माफी मिळायला २०१७ उजाडलं.

फिल्म दिसायला साधी, जवळजवळ जुनाट. तासन्‌तास चाललेल्या चौकशीचं रेकॉर्डिंगच नाही. टेपवर आहे ती फक्त शेवटची कबुली. त्यामुळे माणसं खुर्चीत बसून सांगतात, बस्स. त्यातला एक जण त्या रात्री जहाजावर ड्यूटीवर होता. आपणच गुन्हा केला, असं पुढे त्याला स्वतःलाही वाटायला लागलं होतं. तिथे मी फिल्म थांबवली आणि सवयीने त्याचा चेहरा वाचायला गेले. काही कळलं नाही.

तक्रार एकच. चौघांच्या कहाणीत ती मारली गेलेली मुलगी फार मागे पडते.

आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तेच सांगायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ सांगतं. ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ ही बातमी मात्र दुसऱ्या दिवशी फोनवर येतेच. मीही ती फॉरवर्ड केलेली आहे.