‘मायनर थ्रेट’ची पहिली ध्वनिमुद्रिका : नकाराचे स्वरूप आणि मर्यादा

प्रास्ताविक :
हार्डकोअर पंक हे संगीत ऐकताना प्रथम जाणवतो तो त्यातील गोंगाट. हा गोंगाट म्हणजे तरुणांचा दिशाहीन संताप होय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. वॉशिंग्टन डी.सी. येथील ‘मायनर थ्रेट’ या वृंदाची १९८१ साली प्रकाशित झालेली पहिली सात इंची तबकडी या निष्कर्षाचा फेरविचार करावयास लावते. या तबकडीतील संतापामागे असलेल्या शिस्तीचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्मिती :
प्रकाशनसमयी गायक इयन मकाय १९ वर्षांचे, तर बेसवादक ब्रायन बेकर अवघे १६ वर्षांचे होते. मकाय आणि ड्रमवादक जेफ नेल्सन यांच्या पूर्वीच्या ‘टीन आयडल्स’ या वृंदाने कार्यक्रमांतून पैसे साठविले होते. त्यांतूनच १९८० साली ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही संस्था उभी राहिली. प्रस्तुत तबकडी हे तिचे तिसरे प्रकाशन होय. ध्वनिमुद्रण डॉन झिएंतारा यांच्या ‘इनर इअर’ या घरगुती स्टुडिओत झाले. तबकडीची वेष्टने कापणे, दुमडणे, चिकटविणे ही कामे वृंदातील मुलांनी व त्यांच्या मित्रांनी स्वतः केली. मोठ्या कंपनीच्या होकाराची वाट न पाहणे हीदेखील एक भूमिकाच ठरते.

आशय आणि अभिव्यक्ती :
तबकडीत आठ गीते असून त्यांचा एकूण कालावधी दहा मिनिटांहूनही कमी आहे. लांबलेले गिटारवादन, सजावट, पाल्हाळ यांना येथे स्थान नाही. ‘स्ट्रेट एज’ हे गीत एक मिनिटाच्या आत संपते. मद्य व अमली पदार्थ नाकारणारे हे गीत शैली आणि आशय यांची एकरूपता दाखविते : जे अनावश्यक ते जीवनातूनही वगळावे आणि संगीतातूनही. ‘बॉटल्ड व्हायोलन्स’मध्ये मद्यधुंद हिंसेवर टीका आहे. शीर्षकातील ‘मायनर’ या शब्दात ‘किरकोळ’ आणि ‘अल्पवयीन’ असा श्लेष आहे. ज्यांना समाज किरकोळ समजतो, त्या अल्पवयीनांचा हा आवाज आहे.

मर्यादा :
या नकाराचा रोख प्रामुख्याने समवयस्कांवर आहे. राजधानीत राहणारी ही मुले राजसत्तेविषयी येथे जवळजवळ मौन बाळगतात. ज्या ‘बॅड ब्रेन्स’ या कृष्णवर्णीय वृंदाकडून त्यांनी वेगाचा आदर्श घेतला, त्या वृंदाच्या समाजाचे जगणेही या गीतांत उमटत नाही. पुढे ‘स्ट्रेट एज’ या शीर्षकाची एक चळवळ झाली आणि तिच्या काही गटांत वैयक्तिक निवडीला आचारसंहितेचे कठोर रूप आले. असा पंथ निर्माण करण्याचा आपला हेतू नव्हता, हे मकाय यांनी वारंवार स्पष्ट केले आहे. तथापि प्रथमपुरुषी एकवचनातील निर्धार इतक्या ठाम स्वरात उच्चारला गेला, की श्रोत्यांना तो आज्ञेसारखा ऐकू यावा, यात नवल नाही.

समारोप :
या तबकडीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा यांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे तिची नि:संदिग्धता. साधने तुटपुंजी असतानाही स्वतःचे म्हणणे स्वतः प्रकाशित करता येते, हे तिने सिद्ध केले. मात्र ‘मी नाकारतो’ हे विधान ‘तू नाकारलेच पाहिजेस’ असे होऊ लागते, तेव्हा विद्रोहाचीच रूढी बनते. युवासंस्कृतीच्या अभ्यासकांनी या तबकडीकडे पाहताना हे दोन्ही पक्ष ध्यानात घेणे अगत्याचे आहे.