निळ्या रंगाखालची गावे

भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे म्हणजे वाङ्मय नव्हे. तरीही बदलापूरजवळच्या बारवी खोऱ्याचे जुने व नवे नकाशे शेजारी ठेवले, की आम्हांला ते वाचावेसे वाटतात. मैलास एक इंच या प्रमाणाच्या जुन्या रंगीत नकाशांत लागवडीची जमीन पिवळी, वस्ती तांबडी, समोच्च रेषा तपकिरी. १९७२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे धरण झाले आणि पुढच्या नकाशात खोऱ्यावर निळा रंग पसरला.

रेखाटन काटेकोर आहे. त्यात खोट काढण्याचा आमचा हेतू नाही. आमचा आक्षेप त्याच्या मौनाला आहे. कोणाची भातखाचरे, कोणते पाडे पाण्याखाली गेले, हे नवा नकाशा सांगत नाही. जुना नकाशाही शेत दाखवितो, कसणारा दाखवीत नाही. पुढे धरणाची उंची वाढली. पुन्हा घरे उठली.

उल्हासनगरचे नळ व अंबरनाथचे कारखाने याच पाण्यावर चालतात. म्हणून जुना नकाशा कालबाह्य म्हणून रद्दीत जाऊ नये, असे आम्हांला वाटते. निदान त्या गावांची नावे तरी त्यात वाचता येतात, आणि ते पाणी पिणाऱ्यांनी ती एकदा वाचलीच पाहिजेत.