ओळखीवर चालणारे दुकान

आपल्याच जुन्या ॲनिमेशनपटांचे लाइव्ह-ॲक्शन रिमेक काढण्याचा सपाटा डिस्नेने लावला, त्याला पंधरा वर्षे होऊन गेली. टिम बर्टनच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ने २०१० मध्ये अब्ज डॉलरचा गल्ला जमवला आणि पाठोपाठ ‘सिंड्रेला’, ‘द जंगल बुक’, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘अलादिन’ अशी रांगच लागली. हॉलिवूडकडे नव्या कल्पना उरल्या नाहीत, ही त्यावरची नेहमीची तक्रार मला अपुरी वाटते. उसनवारीत गैर काही नाही. ती कुणाकडून करायची, हा खरा प्रश्न आहे. आजचा स्टुडिओ मूळ गोष्टीकडे फिरकतच नाही. तो आपल्याच जुन्या सिनेमाकडे जातो आणि प्रेक्षकाला असलेली त्याची ओळख तेवढी उचलून आणतो.

त्याची किंमत पडद्यावर दिसते. १९९४ च्या ‘द लायन किंग’मध्ये बाप मुफासा कड्यावरून कोसळतो तेव्हा छोट्या सिंबाचे डोळे विस्फारतात, सगळा चेहरा पिळवटून निघतो, चित्रकारांनी सिंहाच्या छाव्याला माणसाच्या भुवया दिल्या होत्या. २०१९ मध्ये जॉन फॅव्रोने हाच प्रसंग संगणकावर, हुबेहूब खऱ्या प्राण्यांनिशी उभा केला. आयाळीतला केस न् केस दिसतो, पण खऱ्या छाव्याला रडवेला चेहरा करता येत नाही. दुःख आवाजात राहते, तोंडावर उमटत नाही. प्रेम रात्री बहरते असे सांगणारे गाणे तर चक्क भर उजेडात चित्रित झाले आहे. (या तथाकथित लाइव्ह-ॲक्शनमध्ये खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य एकच आहे, हे फॅव्रोनेच नंतर सांगितले.) ८८ मिनिटांचा चित्रपट जवळपास दोन तासांवर गेला, पण वाढलेल्या अर्ध्या तासात सिंबाबद्दल नवे काही कळत नाही. हे अकुशल माणसांचे काम नव्हे. मूळ चित्रपटापासून दूर जायची मुभा नाही आणि त्याची बरोबरी करायची तर रेषेची लवचीकता आधीच सोडून दिलेली, अशा कात्रीत सापडलेल्या कुशल माणसांचे हे काम आहे.

जुन्या डिस्नेने तरी दुसरे काय केले, असे कुणी विचारील. १९३७ ची स्नो व्हाइट ग्रिम बंधूंची, पिनोकिओ कोलोदीचा, जलपरी अँडरसनची. खरे आहे, पण तिथे प्रत्येक वेळी कुणीतरी निर्णय घेतला होता. अँडरसनच्या जलपरीला राजपुत्र मिळत नाही, तिचा फेस होतो. १९८९ च्या चित्रपटाने तिचे लग्न लावून दिले. हा बदल पटो न पटो, त्यामागे विचार होता. २०२३ च्या रिमेकने अँडरसनचे पुस्तक पुन्हा उघडण्याऐवजी १९८९ चा चित्रपटच समोर ठेवला. याउलट २०२२ मध्ये दोन पिनोकिओ आले. रॉबर्ट झेमेकिसचा डिस्नेसाठी केलेला जुन्याच वाटेने गेला. गिलेर्मो देल तोरोने मात्र बाहुल्याला मुसोलिनीच्या इटलीत नेले आणि आज्ञाधारकपणा हाच गुण मानायचा का, असा प्रश्न उभा केला. ऑस्कर त्याच्या चित्रपटाला मिळाले. तेव्हा दोष पुन्हा सांगण्यात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांनाच हे हवे आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘लिलो अँड स्टिच’च्या रिमेकने अब्ज डॉलर ओलांडले आणि त्याच मोसमात पिक्सारच्या नव्याकोऱ्या ‘एलिओ’ला त्या स्टुडिओच्या इतिहासातली सर्वांत कमी सुरुवात मिळाली. आकडे खोटे नाहीत, पण त्यांचे खापर एकट्या प्रेक्षकावर फोडता येणार नाही. ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ हे पिक्सारचे तीन नवे चित्रपट कंपनीने अमेरिकेत थिएटर टाळून थेट घरच्या पडद्यावर पाठवले. पहिल्याच्या वेळी महासाथीचे कारण होते. २०२२ च्या मार्चमध्ये ‘टर्निंग रेड’च्या वेळी, ‘स्पायडर-मॅन’साठी थिएटरे तुडुंब भरून गेल्यानंतर, ते कारण लंगडे पडते. नव्या गोष्टीसाठी तिकीट काढायचे नसते, ही सवय कंपनीनेच लावली. तरीही २०२३ चा ‘एलिमेंटल’ रडतखडत सुरू झाला आणि तोंडी प्रसिद्धीवर पन्नास कोटी डॉलरच्या जवळ पोहोचला. नव्या गोष्टीला असे आठवडे लागतात, आणि रिमेक काढला जातो तो पहिल्याच शनिवार-रविवारच्या हिशेबाने. त्यातही हमी नाहीच: २०२५ चा ‘स्नो व्हाइट’ सपशेल आपटला.

रिमेकच करायचे तर फसलेल्या चित्रपटांचे करावे, हा सल्ला जुनाच आहे आणि डिस्नेने तो एकदा ऐकलाही होता. १९७७ च्या, फारशा कुणाच्या लक्षात न राहिलेल्या ‘पीट्स ड्रॅगन’वरून डेव्हिड लोअरीने २०१६ मध्ये केलेला हळुवार चित्रपट मला या सगळ्या रांगेत सर्वांत जिवंत वाटतो. मूळ इतके पुसट होते की त्याला मोकळे सोडले गेले. असे साहित्य कंपनीच्या फडताळात आणखीही आहे. लॉइड अलेक्झांडरच्या कादंबऱ्यांवरचा १९८५ चा ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ पार फसला होता. त्यात दुरुस्त करण्याजोगे पुष्कळ आहे. पण लिलोला किंवा सिंबाला ओळखणारी माणसे घराघरांत आहेत, ‘कॉल्ड्रन’ कुणाच्या आठवणीत नाही. म्हणूनच २०२३ मध्ये लाइव्ह-ॲक्शन रिमेकची घोषणा झाली ती अवघ्या सात वर्षांपूर्वीच्या ‘मोआना’ची.