काढून घ्यायचं लोखंड

इलिझारोव्हची रिंग, म्हणजे हाड बाहेरून धरून लांबवणारी नि जुळवणारी चौकट, वाचायची तर सुरुवात नटापासून करावी. पायाभोवती स्टीलची कडी, कड्यांना ताणून बसवलेल्या आणि हाडातून आरपार गेलेल्या 1.5 किंवा 1.8 मिलिमीटरच्या तारा, कड्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या आट्यांच्या सळ्या. सळीवरचा नट पूर्ण एक फेरा फिरला की 1 मिलिमीटर सरकतो. दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा, म्हणजे चोवीस तासांत 1 मिलिमीटर. हाड मुद्दाम कापलेलं असतं, काही दिवस तसंच राहू दिलेलं असतं, आणि मग त्या फटीत रोज तेवढंच नवं हाड धरू लागतं. घाई केली तर फट रिकामी राहते. रेंगाळलं तर हाड मुदतीआधीच सांधून बसतं. उपचाराची सगळी लय त्या आट्यांच्या अंतरात बांधलेली आहे. आणि नट फिरवायचा तो दहा नंबरच्या पान्याने. जालन्याजवळच्या बदनापुरात मोटरसायकल असलेल्या घराला तो पाना ओळखून द्यावा लागत नाही.

गाव्रिल इलिझारोव्ह हा सायबेरियातल्या कुर्गानचा डॉक्टर. महायुद्धानंतर नीट न जुळलेल्या हाडांचे रुग्ण त्याच्यापुढे होते आणि साधनं बेताची होती. एका रुग्णाने नट उलटा फिरवला, हाडांची टोकं दाबली जाण्याऐवजी लांब गेली आणि फटीत नवं हाड दिसलं, अशी कथा सांगतात. कथा जशीच्या तशी खरी असो नसो, रिंगेच्या स्वभावाला ती शोभते, कारण इथे रुग्णाचा हात उपचाराच्या आतच असतो. पश्चिमेला हे उशिरा कळलं. कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक 1980 मध्ये कुर्गानला जाऊन पाय दुरुस्त करून आला, पुढच्या वर्षी इलिझारोव्हला इटलीत व्याख्यानाला बोलावलं गेलं, आणि दारं उघडली. आपल्याकडे मिरजेत डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी ही पद्धत रुजवली. बदनापूरकराला अकोला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, हे मुद्दाम सांगायला हवं; अवघड हाडासाठी मुंबईच गाठावी लागते अशी आपली उगाच समजूत असते.

रिंग शेवटी काढायचीच असते; पण कायमचा म्हणून कृत्रिम सांधा बसवलेल्या गुडघ्यात पू झाला तर? जंतू धातूला चिकटून स्वतःभोवती चिकट थर विणतात, त्या थराखाली औषध नीट पोचत नाही. लवकर कळलं तर कधी धुऊन भागतं. थर जुना झाला की नवा सांधा मुळासकट काढावा लागतो. सर्जन जॉन इन्सॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दोन टप्प्यांची वाट मांडली: आधी सांधा काढा, काही आठवडे प्रतिजैविकं द्या, मग दुसरा बसवा. मधल्या रिकाम्या जागेत आज जो सिमेंटचा ठोकळा भरतात, तो स्पेसर या सगळ्या सामानातला माझा सर्वांत आवडता. दिसायला ओबडधोबड, पण त्यातली निवड बघा. हाडाच्या सिमेंटात औषध मिसळण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या सर्जन बुखहोल्झची, 1970 ची. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून व्हँकोमायसिन, जेंटामायसिन अशी उष्णता सोसणारीच औषधं चालतात. कायमचा सांधा चिकटवताना चाळीस ग्रॅमच्या पुडीत औषध जपून, ग्रॅमभर घालतात, कारण जास्त झालं की सिमेंट कमकुवत होतं. स्पेसरात तीन-चार ग्रॅम, प्रसंगी त्याहूनही जास्त. कमकुवत झाला तर होऊ दे, त्याला कुठे जन्मभर राहायचंय! जालन्याच्या भट्टीतली सळई स्लॅबमध्ये जाते ती पुन्हा उजेड बघत नाही. गुडघ्यातल्या या वस्तूचा गुण मात्र असा की तिचा निरोप आधीच ठरलेला असतो.

काही गुडघे मात्र दुसऱ्या सांध्याच्या लायकीचे उरत नाहीत. हाड खाल्लेलं, वरची कातडी पातळ, मांडीचा स्नायू गेलेला. मग मांडीचं आणि नडगीचं हाड कायमचं जोडून पाय ताठ करतात. इथे खरा वाद लागतो. आत लांब रॉड टाकला तर हाड जुळायची खात्री जास्त, रुग्ण लवकर पाय टेकतो. पण जिथून काल पू काढला त्याच पोकळीत पुन्हा लोखंड. बाहेरून दाबून धरायची कल्पना ब्रिटिश सर्जन चार्न्लीने 1948 मध्ये मांडली. रिंग तेच काम जास्त बारकाईने करते आणि धातू पुवापासून दूर ठेवते. मोबदल्यात महिनोन्‌महिने तारांची भोकं पुसत बसा, पँटची शिवण उसवा, झोपेत कूस बदलू नका. जंतू पुरते हटल्याची खात्री असेल तर रॉड, शंका असेल तर रिंग, इतकं सरळ मी म्हणेन. हाडावर स्क्रूने बसवायच्या प्लेटचा मोह मात्र आवरावा. तिच्यासाठी आधीच थकलेली कातडी आणखी सोडवावी लागते.

रिंगेने सरळ करायच्या वाकड्या पायाचं वाचन वेगळं. तिथे हाड नेमकं जिथे वळलंय तो बिंदू शोधून रिंगेचं बिजागर त्याच्याशी जुळवतात. बिंदू चुकला की पाय सरळ होतानाच बाजूला सरकतो. सहा तिरक्या दांड्यांची टेलर फ्रेम हे गणित संगणकाकडून करून घेते आणि रोज कुठली दांडी किती फिरवायची त्याचा तक्ताच देते. सोयीची आहे, महागही आहे. जुन्या रिंगेची कडी धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात, हे विसरू नये. खर्चाचा प्रश्न गुडघ्याच्या सांध्यालाही आहेच: ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा 54,720 रुपयांवर आला, पण दुसऱ्यांदा बसवायचा सांधा 1,13,950 वर; त्यावर जीएसटी. बिघडलेला गुडघा पहिल्यापेक्षा नेहमीच महाग.

गुडघा जोडून ताठ केलेल्या पायाबद्दल एक बारकावा मला आवडतो. जोडताना पाय मुद्दाम सेंटिमीटरभर आखूड ठेवतात, म्हणजे चालताना पाऊल जमिनीला अडत नाही. हा विचार चालणाऱ्याचा झाला. बसणाऱ्याचा अजून बाकीच. बदनापूरच्या तुरीत नि कपाशीत खुरपायला बसतात उकिडवं, जेवायला मांडी घालून, आणि जालन्याच्या एसटीत दोन सीटांमधल्या जागेत ताठ पाय मावत नाही. एक्स-रे लावून रॉड की रिंग हे बोलण्याआधी, घरी कमोड आहे का आणि रोज तारांची भोकं पुसायला कोण असेल, हे विचारणारा डॉक्टर निम्मी निवड तिथेच करून मोकळा होतो.