प्लेगची नोंदवही : शिरूर आणि दौंड

प्लेगविषयक सरकारी आकड्यांवरून गावोगावच्या साथीचा आलेख काढण्याची प्रथा संशोधनात रूढ झाली आहे. आलेख रेखीव निघतो. परंतु तो नेमका कशाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिरूर व दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन गावे शेजारी ठेवून पाहिली असता या पद्धतीतील दोष ध्यानी येतो.

दौंड हे मुंबई-रायचूर लोहमार्गावरील स्थानक. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाल्यावर ते जंक्शन झाले. शिरूर ऊर्फ घोडनदी हे तालुक्याचे ठाणे खरे, पण नगर रस्त्यावरचे. रेल्वे तेथे पोहोचलीच नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, पुढील वर्षी साथरोग कायदा झाला, आणि सरकारची नजर प्रथम रेल्वेच्या उतारूंवर गेली. आगगाडीचा उतारू मोजता येतो. बैलगाडीने घोड नदी उतरून आलेल्या पाहुण्याची मोजदाद कोण ठेवणार? अशा दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना ही बव्हंशी रोगाची नसून पहाऱ्याची तुलना होय.

याहून खोल अडचण रकान्यांचीच आहे. सिमाँ याने १८९८ मध्ये उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले. त्याच वर्षी नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगास ते पटले नाही. १९०५ नंतरच्या संशोधनाने सिमाँ खरा ठरला. तोवर चौकशीचा भर रोगी कोठून आला यावरच राहिला. गावकऱ्यांना मात्र, उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालाव्यात, एवढे अनुभवाने कळून चुकले होते. माळावर झालेला मृत्यू कोणत्या गावाच्या खाती पडला, हे आलेख सांगत नाही.

मार्च ते मे १८९७ मध्ये रँडच्या अंमलाखाली पुण्यात घरझडत्या झाल्या. त्यांची वार्ता पसरल्यावर 'गाठ' हा शब्द उच्चारण्यास माणसे कचरली असल्यास नवल नाही. त्यातून खेड्यात मृत्यूचे कारण सांगणारा पाटील वैद्य नव्हे. 'ताप' हे सदर त्याला सर्व दुखण्यांस पुरे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे बळीही मोठ्या प्रमाणात याच सदराखाली गेले. पावसाळ्यानंतर हिवताप वाढतो, हे लक्षात घेता केवळ तापाचा आकडा फुगला म्हणून प्लेगचा संशय घेणेही उतावळेपणाचे होईल. तथापि शिरूरसारख्या गावाच्या प्लेगच्या रकान्यात एखाद्या महिन्यापुढे शून्य आढळले, तर तापाचे मृत्यू आधीच्या वर्षांतील त्याच महिन्यांशी ताडून पाहिल्यावाचून गाव रोगमुक्त होते असे लिहिता येणार नाही.