हाक, माया आणि अधिकार

मराठी कथात्म साहित्यातील जिव्हाळ्याचा विचार करताना समीक्षक बहुधा 'राजा', 'बाळ' यांसारखी गोड संबोधने टिपत जातो. त्यांतून फारसे हाती लागत नाही. आपल्याकडे मायेचा भार शब्दाच्या गोडव्यापेक्षा नावाच्या मोडतोडीवर, आणि कित्येकदा नाव न घेण्यावर, अधिक असतो.

करवीर तालुक्यातील उचगावच्या बोलीत आईच्या तोंडी शंकरचा 'शंकऱ्या' होतो. त्याच घरात नवऱ्याला मात्र नाव नसते, 'अवं, ऐकलासा का?' एवढेच. त्या 'सा'मध्ये आदर आहे, पण सलगीही तिथूनच वाट काढते. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या १८९०च्या दशकातील कादंबरीत यमू पतीचा उल्लेख 'इकडून', 'स्वारी' असा करते. या नामवर्जनात केवळ दास्य पाहणारे वाचन मला अपुरे वाटते. रूढीने लादलेल्या त्याच सर्वनामात यमूचे प्रेमही राहते, आणि म्हणूनच तिचे वैधव्य वाचकाला इतके झोंबते.

'-या' प्रत्ययाची गोष्ट अधिक अवघड आहे. आईच्या तोंडी तो माया असतो. वाड्याच्या ओसरीवरून वेठीच्या माणसाला घातलेल्या हाकेत तोच प्रत्यय जातीची पायरी दाखवतो. रूप एकच, अधिकार निराळा. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन असले तरी येथे त्याला वगळता येत नाही. त्यात लेखकासमोर उभा राहतो तो दगडू मारुती पवार, म्हणजे त्याचेच मागे टाकलेले नाव. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच; तिच्यात तुच्छतेच्या आड दडवलेली माया असते. गावगाड्याने त्यातली तुच्छता तेवढी उचलली. शिकलेल्या माणसाला त्या नावाची लाज वाटते आणि ते सोडवतही नाही, हा ताण 'बलुतं'च्या निवेदनरचनेतच आहे.

अशा संहितांना 'प्रादेशिक रंग' म्हणून शब्दसूची जोडण्याची आपली विद्यापीठीय सवय (मीही तिच्यातच वाढलो) हा ताण पुसून टाकते. हाक कोण घालतो, कोणाला आणि कोणादेखत, हे शब्दसूची सांगत नाही.

नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंगची धाकटी बहीण मरते. गोड विशेषणे तिच्या वाट्याला जवळजवळ येत नाहीत. घरातली दोन अक्षरांची हाक तेवढी येते, 'मनी'. ती गेल्यावरही पांडुरंग त्याच हाकेने तिच्याविषयी बोलत राहतो.