शंभर टक्के म्हणजे किती?

मांसासाठी पाळलेला ससा मारायचाच असेल, तर त्याला कमीत कमी यातना व्हाव्यात याबद्दल दुमत नसते. पण हे ‘कमीत कमी’ ठरवायचे कसे, असे विचारले की उत्तर बहुधा सवयीचे किंवा ऐकीव असते. म्हणूनच कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या वॉल्श, पर्सिव्हल व टर्नर यांनी २०१७ साली ‘ॲनिमल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला शोधनिबंध आम्हांला मोलाचा वाटतो. विषय अप्रिय आहे. परंतु पुरावा कसा तपासावा, हे शिकवायला तो फार उपयोगी आहे.

संशोधकांनी तीन ससेपालन केंद्रांवर, कळपातून काढून टाकायच्या १७० सशांवर तीन पद्धती तपासल्या : डोक्यावर जोराचा आघात, मानेचे मणके निखळवणारे साधन आणि कवटी न भेदता डोक्यावर दट्ट्याचा तडाखा देणारे यंत्र. यांपैकी पहिलीला वेगळे साधन लागत नाही, म्हणून घरच्या घरी तीच सोयीची वाटते.

निबंधाचे खरे यश त्याच्या निकषांत आहे. पाय झाडणे म्हणजे वेदना, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मेंदूशी संबंध तुटल्यावरही मज्जारज्जूमुळे स्नायू आचके देतात. उलट, निपचित पडलेला ससा बेशुद्धच असेल असेही नाही. म्हणून संशोधकांनी एका खुणेवर भिस्त न ठेवता मस्तिष्कस्तंभाच्या व मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रिया, लयबद्ध श्वसन आणि आवाज या सर्वांची नोंद केली. ‘दया’ या शब्दाला त्यामुळे तपासता येण्याजोगा अर्थ मिळाला.

निष्कर्ष असे : आघाताची पद्धत ५८ पैकी १३ वेळा (२२ टक्के) फसली, मणके निखळवणारे साधन ४९ पैकी ३ वेळा (६ टक्के) फसले आणि दट्ट्याचे यंत्र ६३ पैकी एकदाही फसले नाही. शेवटच्याला लेखक ‘१०० टक्के परिणामकारक’ म्हणतात. आमचा आक्षेप इथे आहे. शंभरात दोनदा फसणारे यंत्रही सलग ६३ वेळा यशस्वी होण्याची शक्यता सुमारे २८ टक्के असते, ०.९८ चा ६३ वा घात काढून पाहावा. तसेच, दोन्ही साधने अगदी सारखी असती, तरी तिन्ही अपयशे निव्वळ योगायोगाने ४९ च्याच गटात येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के निघते. म्हणजे दट्ट्याचे यंत्र दुसऱ्या साधनापेक्षा सरस आहे, असे केवळ या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही.

आणखी एक अडचण आहे. आघाताविषयीचा निष्कर्ष आईचे दूध न सुटलेल्या पिल्लांपुरता आहे, तर दट्ट्याच्या यंत्राविषयीचा १५० ग्रॅमहून जास्त वजनाच्या सशांपुरता. ही तुलना समान गटांची नव्हे. शिवाय येथे उद्देश नको असलेल्या सशाला त्वरित मरण देण्याचा आहे. मांसासाठी मारताना प्राण्याला बेशुद्ध करून लगेच मानेच्या रक्तवाहिन्या कापतात. तेथे शुद्ध परत येण्याआधी रक्त पुरेसे वाहून जाते का, हा वेगळा प्रश्न उरतो. पिंजऱ्यातून काढताना व घट्ट धरताना या भित्र्या प्राण्याला बसणारा धसका तर या आकड्यांत येतच नाही.

इतके आक्षेप घेऊनही एक गोष्ट टिकून राहते : पिल्लांच्या डोक्यावर आघात करण्याची पद्धत भरवशाची नाही. साधारण दर चार-पाच पिल्लांत एकदा ती फसली. घरी ससे पाळणाऱ्याने ती सोडून द्यावी, एवढे सांगण्यास हा पुरावा पुरेसा आहे.

शिक्षकांना आमची सूचना अशी : वरच्या वर्गांत ५८ पैकी १३, ४९ पैकी ३ आणि ६३ पैकी ० या तीन जोड्या आधी फळ्यावर लिहाव्यात. कोणते विधान करता येते व कोणते नाही, याची विद्यार्थ्यांना चर्चा करू द्यावी. लेखकांचा निष्कर्ष त्यानंतरच वाचून दाखवावा.